गॅरेजच्या भिंतीवरचे तिघे

तीरकामठा : वाचकांचे प्रश्न

काका, माझा आतेभाऊ टेक्सासात असतो. पुल्या-दुर्बिणी लावलेलं नव्हे, साधं लाकडी धनुष्य मारतो. त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर तीन जुने कृष्णधवल फोटो आहेत. एक उघड्या अंगाचा आदिवासी माणूस, एक धिप्पाड गडी, आणि एक वाकडी हॅट घातलेला उंच, किडकिडीत म्हातारा. कोण विचारलं तर म्हणाला, "आमचे देव आहेत." पुढे विषय बदलला. माझी मुलगी रीकर्व्ह (टोकं उलट वळलेलं धनुष्य) शिकते, ती आता मला रोज विचारते. हे देव कोण?
— एक वाचक, कराड

तुमच्या आतेभावाने विषय बदलला, कारण या तिघांवर सुरू झालं की जेवण थंड होतं. मी मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सला अकरा वर्षं टूलरूममध्ये नोकरी केली, आणि त्यातली नऊ वर्षं दर रविवारी गावाबाहेरच्या एका क्लबात धनुष्य ओढलं. तिथेही भिंतीवर हेच तिघे होते. डावीकडून सांगतो.

उघड्या अंगाचा तो इशी. हे त्याचं नावही नव्हे. याना भाषेत 'इशी' म्हणजे नुसता 'माणूस'. त्याच्या लोकांत स्वतःचं नाव स्वतः सांगायची रीत नव्हती आणि सांगायला दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मानववंशशास्त्राच्या प्राध्यापक क्रोबरने हे ठेवलं. तो उत्तर कॅलिफोर्नियातल्या 'याही' नावाच्या, याना बोलणाऱ्या लोकांपैकी. गोऱ्या वसाहतवाल्यांनी 1860च्या दशकात त्यांच्या कत्तली केल्या. उरलेले मूठभर जण डियर क्रीकच्या घळींमध्ये चाळीस वर्षं लपून राहिले. 1908 साली मोजणीवाल्यांची एक टोळी त्यांच्या झोपड्यांवर आली आणि जाताना त्यांची धनुष्यं, पांघरुणं, भांडी उचलून घेऊन गेली. त्यानंतर 1911च्या ऑगस्टमध्ये ओरोव्हिल गावाबाहेरच्या कत्तलखान्यापाशी एक उपाशी माणूस सापडला. सुतकात केस जाळून आखूड केलेले. वय साधारण पन्नास. त्याला सॅन फ्रान्सिस्कोला विद्यापीठाच्या संग्रहालयात नेलं, तिथेच ठेवलं, आणि महिना 25 डॉलरवर झाडलोटीच्या मदतीला लावलं. रविवारी लोक बघायला यायचे. तो त्यांच्यासमोर बाटलीच्या काचेची बाणाची टोकं घडवायचा. हरणाच्या शिंगाच्या टोकाने दाबून दाबून एकेक टवका काढत. हे मी करून पाहिलंय. पहिल्या तासात दोन बोटं कापली आणि टोक म्हणावं असं काही निघालं नाही.

संग्रहालयाला लागूनच वैद्यकीय महाविद्यालय होतं, तिथे सॅक्स्टन पोप नावाचे सर्जन शिकवायचे. 1912पासून ते इशीचे डॉक्टर आणि मित्र झाले आणि त्याच्याकडून तीरकामठा शिकले. म्हणजे पन्नाशीचा, नोकर म्हणून ठेवलेला माणूस गुरू, आणि सर्जन शिष्य. इशीचं धनुष्य जुनिपरच्या लाकडाचं, जेमतेम साडेतीन फुटी, ओढायला चाळीस-पंचेचाळीस पौंड, म्हणजे वीस किलोच्या आत-बाहेर. पाठीवर हरणाच्या कंडरांचे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांचे, तंतू दातांनी चावून सुटे केलेले आणि साल्मन माशाच्या कातड्याच्या सरसाने चिकटवलेले. दोरी तो अंगठ्याने ओढायचा, वाकवलेला अंगठा दोरीखाली आणि नखावर मधल्या बोटाचा आधार.

आता गंमत ऐका. रंगीत चकत्यांच्या लक्ष्यावर इशी काही खास नव्हता. पोपने प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की त्या खेळात गोरे लोक त्याच्यापेक्षा चांगला नेम मारत. पण दहा-वीस पावलांवर खारीएवढ्या जनावरावर तो चुकत नसे, आणि दहा-वीस पावलांवर पोचणं हीच त्याची खरी विद्या होती. शिकारीआधी तो विडी-सिगारेट ओढत नसे, मासे खात नसे, अंघोळ करून निघे. दोन बोटं ओठांना लावून चुंबल्यासारखा आवाज काढला की ससा जवळ येई, त्याच्या मागोमाग कोल्हाही. हरणासाठी भुसा भरलेलं हरणाचं डोकं स्वतःच्या डोक्यावर चढवून गवतात उभा राही.

1914च्या मे महिन्यात क्रोबर, त्याचा सहकारी वॉटरमन आणि पोप त्याला घेऊन परत डियर क्रीकला गेले. भिंतीवरच्या अशा फोटोंतले बरेचसे त्याच फेरीतले. 25 मार्च 1916 रोजी तो क्षयाने गेला. आपल्या देहाची चिरफाड नको, हे त्याच्या लोकांचं मत सगळ्यांना ठाऊक होतं. क्रोबरने न्यूयॉर्कहून पत्र धाडून विरोधही केला. तरी शवविच्छेदन झालं, मेंदू काढला गेला आणि पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियनकडे गेला. तो 2000 साली त्याच्या नातलग जमातींना परत मिळाला आणि त्यांनी कुणाला न सांगता, आपल्या जागी पुरला. क्लबातल्या बहुतेकांना हा दुसरा भाग माहीत नसतो. मी एकदा सांगितला, तेव्हा कॉफीच्या टेबलावर बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि मग एकाने हवामानाचा विषय काढला.

पोपने पुढे आर्थर यंग नावाच्या मित्राबरोबर शिकारी केल्या, 1923 साली पुस्तक लिहिलं, 1926 साली वारले. यंगने अलास्कातल्या आपल्या भटकंतीचा चित्रपट केला आणि तो गावोगाव दाखवत फिरला. 1927च्या सुमारास डेट्रॉइटच्या एका थिएटरात तो बघणाऱ्यांत मोटारकंपनीतला एक तरुण पॅटर्नमेकर होता. पॅटर्नमेकर म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारा. माझ्याच धंद्यातला म्हणायचा! हाच तुमचा हॅटवाला, फ्रेड बेअर.

बेअर 1902 सालचा, पेनसिल्व्हेनियाचा. यंगशी ओळख झाली, त्याच्याकडून धनुष्य-बाण करायला शिकला. 1933मध्ये मंदीच्या ऐन खाईत एका भागीदाराबरोबर छपाईचं छोटं दुकान टाकलं आणि मागच्या बाजूला धनुष्यं करू लागला. 1947मध्ये कारखाना मिशिगनमधल्याच ग्रेलिंग गावी नेला. लाकडाला फायबरग्लासची पट्टी चिकटवून, टोकाला उलट वळण दिलेलं धनुष्य कारखान्यात शेकड्यांनी निघू शकतं आणि मोडत नाही, हे त्याने करून दाखवलं. तोवर चांगलं धनुष्य म्हणजे ओळखीचा कारागीर शोधा आणि वर्षभर थांबा. कराडची तुमची मुलगी आज जे रीकर्व्ह ओढते, त्याच्या वंशावळीत हा माणूस येतो.

आमच्या क्लबात ग्रेलिंगच्या कारखान्यात पट्ट्या घासलेले एक आजोबा होते. कारखाना 1978मध्ये फ्लोरिडाला गेला, हे गेले नाहीत. मी विचारलं, बेअर मालक म्हणून कसा होता? म्हणाले, "हळू बोलायचा." एवढंच. बेअरची राख 1988मध्ये ग्रेलिंगजवळच्या ऑ सेबल नदीकाठी टाकली. मी तिथे गेलोय. पाणी स्वच्छ, गळ टाकून बसलेले चार लोक, बाकी बघायला काही नाही.

राहिला धिप्पाड गडी. हॉवर्ड हिल, अलाबामाचा, 1899चा. हा या साखळीतला नव्हे, स्वयंभू. 1938च्या रॉबिन हूडवरच्या एरॉल फ्लिनच्या चित्रपटात जे बाण माणसांच्या छातीत घुसतात ना, ते खरोखर याने मारलेत, कपड्यांखाली लोखंडी पत्रा आणि बाल्सा लाकूड बांधलेल्या जिवंत माणसांवर. दर बाणामागे त्या माणसांना दीडशे डॉलर मिळाले असं सांगतात. मला हजार दिले तरी मी उभा राहिलो नसतो. मैदानी स्पर्धा त्याने सलग 196 जिंकल्या. आणि तुमच्या कराडच्या बाजूला कळकाची बेटं आहेत म्हणून मुद्दाम सांगतो, त्याची आवडती धनुष्यं बांबूच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेली असत.

हिल मोठा की बेअर, हा तिकडचा सुनील-विश्वनाथ वाद. माझं मत विचाराल तर हाताची करामत हिलची, पण लोकांनी मनापासून जपलाय तो बेअर. कारण तो चुकायचा आणि चुकल्याचं सांगायचा. पांढऱ्या अस्वलासाठी उत्तर ध्रुवाकडच्या बर्फावर तीनदा गेला. पहिल्या दोन खेपांना ऐनवेळी वाटाड्याच्या बंदुकीने जीव वाचवावा लागला. 1966 साली तिसऱ्या खेपेला जमलं. हिलला पाहून वाटतं, हे आपल्याला सात जन्मांत जमणार नाही. बेअरला पाहून रविवारी सकाळी उठावंसं वाटतं.

या तिघांच्या आधी अमेरिकेत कुणी धनुष्य मारत नव्हतं का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

मारत होते की! मूळ रहिवासी तर हजारो वर्षं. गोऱ्यांमध्ये मॉरिस आणि विल थॉम्पसन हे भाऊ. यादवी युद्धात ते दक्षिणेकडून लढले आणि हरले. हरलेल्यांना बंदूक बाळगायची बंदी होती म्हणून धनुष्याकडे वळले, असं सांगतात. मॉरिसने 1878 साली धनुर्विद्येवर पुस्तक लिहिलं, त्याने देशभर वेड लागलं, आणि पुढच्याच वर्षी इंडियानातल्या क्रॉफर्ड्सव्हिल गावी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पहिल्या स्पर्धेत विल जिंकला. घरचंच कार्य!

मुकी जनावरं मारणाऱ्यांना देव म्हणायचं आणि तुम्ही ते कौतुकाने छापायचं? आपल्याकडे एकलव्य नाही का?
— एक वाचक, अमरावती

तुमचा राग अर्धा मान्य. हिलने आफ्रिकेत 115 पौंडी धनुष्याने हत्ती मारले. तो फोटो क्लबात लागला तेव्हा मी पाठ करून बसायचो. पोप आणि यंग यांनी 1920 साली यलोस्टोनमध्ये अस्वलं मारली, ती कॅलिफोर्नियाच्या विज्ञान अकादमीला पेंढा भरून ठेवायला हवी होती म्हणून. काळ तसा होता म्हणून सोडून द्यावं, असं मला वाटत नाही.

पण त्याच लोकांनी स्वतःला वेसणही घातली. विस्कॉन्सिनने 1934 साली फक्त धनुष्यासाठी हरणाचा वेगळा हंगाम दिला, तोही दोनच जिल्ह्यांत. पुढे राज्याराज्यांत तसे हंगाम मिळाले ते बेअरसारख्यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले म्हणून. 1961मध्ये ग्लेन सेंट चार्ल्स यांनी पोप आणि यंग यांच्या नावाचा क्लब काढला. त्याची मोठ्या शिकारींची नोंदवही आहे, पण कुंपणातलं किंवा गाडीतून टिपलेलं जनावर तिच्यात चढत नाही. पुल्यांचं कंपाउंड धनुष्य आलं ते मिसुरीच्या हॉलेस ॲलनचं, 1969चं पेटंट. 'पारंपरिक' हा शब्द त्यानंतरचा. त्याआधी सगळेच पारंपरिक होते. आणि बेअरच्या कंपनीनेही कंपाउंड विकलीच बरं का. भक्त ते सांगत नाहीत.

एकलव्याचं म्हणाल तर क्लबात मी ती गोष्ट सांगितली होती. ते लोक खो-खो हसतील असं वाटलेलं, कारण त्यांच्यातला प्रत्येक जण तीन बोटांनी ओढतो. ऑलिम्पिकमध्ये रीकर्व्ह ओढणाऱ्या कुणाचाही अंगठा दोरीला लागत नाही, आपल्या साताऱ्याच्या प्रवीण जाधवचासुद्धा नाही. मग द्रोणाचार्यांनी नेमकं मागितलं काय? पण हसलं कुणी नाही. पट्ट्या घासलेले आजोबा म्हणाले, "इशीचा मागितला असता, तर सगळं संपलं असतं."

आपल्याकडे तीरकामठ्याने शिकार करायची परवानगी कुठून मिळते?
— एक वाचक, धुळे

कुठूनही नाही. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा. ससासुद्धा नाही. गवताच्या पेंढीवर मारा, मागे मातीची भिंत असू द्या.

तुम्ही स्वतः कधी हरीण मारलंत का? खरं सांगा.
— एक वाचिका, सांगली

हा प्रश्न दर दोन अंकांनी येतो आणि मी दर वेळी टाळतो. आज सांगतो.

मिशिगनमध्ये धनुष्याचा हंगाम 1 ऑक्टोबरला उघडतो. तीन वर्षं मी परवाना काढला. घरचं संभाषण ठरलेलं: "काही आणू नका, पण पाय मोडून घेऊ नका." पहिली दोन वर्षं मी ओकच्या बुंध्याशी बसून डबा खाल्ला आणि परत आलो. तिसऱ्या वर्षी संध्याकाळी एक मादी आली. वारा तिच्याकडून माझ्याकडे. ती थांबली, मान खाली घातली, मी पंचेचाळीस पौंडी बेअर ओढलं. हृदय कानात वाजत होतं. बाण तिच्या पाठीवरून गेला. ती उडाली नाही, नुसती मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. मग चालत गेली.

मुद्दाम चुकवला का, असं बायकोने विचारलं. नाही हो. सरळ चुकला.

रविवारी क्लबात सांगितलं. लागला की नाही हे आजोबांनी विचारलंच नाही. विचारलं, किती पावलं? म्हटलं, सतरा. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात 17 लिहिलं. त्या महिन्याच्या चौकोनांत आणखी आकडे होते, 22, 30, एक 11. कुठल्या आकड्याला हरीण मिळालं आणि कुठल्याला नाही, याची तिथे काही खूण नव्हती.

बाण शोधायला मी तीनदा गेलो. मेपलची पानं गुडघाभर पडली होती, काही सापडला नाही.