इंग्रजीच्या तासाचं पुस्तक आणि आपण पालक: प्रश्नोत्तरे

अमेरिकेत हायस्कूलला इंग्रजी शिकवते, म्हणून मराठी पालकांचे प्रश्न माझ्याकडे येतात. गावं निराळी असली तरी गोंधळ तोच, म्हणून इथे एकत्र उत्तरं देते.

नातू टेक्ससला शिकतो. तिकडे म्हणे पुस्तकांवर बंदी असते? (एक आजोबा, पुणे)

देशभर नसते. एखादी शाळा पुस्तक वर्गातून किंवा ग्रंथालयातून काढते, दुकानात ते मिळतंच.

मुलगी दहावीत आहे. नेमलेल्या कादंबरीत बलात्काराचा प्रसंग आहे. दुसरं पुस्तक मागता येईल का? (व्हर्जिनिया)

येईल. तुमच्या राज्यात तर 2022 च्या कायद्यानुसार उघड लैंगिक वर्णन असलेला मजकूर शिकवण्याआधी शाळेने पालकांना कळवायचं असतं, आणि मागितल्यास पर्याय द्यायचा असतो. मेल आधी टीचरना करा, प्रिन्सिपॉलना नंतर. आणि आजच करा. अर्धी कादंबरी शिकवून झाल्यावर, निबंध द्यायच्या आदल्या रात्री पालक जागे होतात आणि धावपळ मुलीची होते.

सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये पालकांना कुठलंही पुस्तक नाकारायचा हक्क दिला, असं इथल्या मराठी मंडळात ऐकलं. खरं का? (मेरीलँड)

अर्धवट ऐकलंत. 'महमूद विरुद्ध टेलर' हा खटला तुमच्याच माँटगोमेरी काउंटीतला, आणि तोही प्राथमिक शाळेतल्या, समलैंगिक व ट्रान्सजेंडर पात्रं असलेल्या गोष्टींच्या पुस्तकांबद्दल. धर्माच्या कारणाने आक्षेप असलेल्या पालकांना आधी सूचना मिळावी आणि मुलांना त्या तासातून वगळता यावं, असा 6 विरुद्ध 3 मतांनी निकाल लागला. पुस्तकं काढा, असं कोर्टाने सांगितलेलं नाही. हायस्कूलच्या कादंबरीसाठी याचा आधार घ्यायचा असेल, तर मंडळात नव्हे, वकिलाला विचारा.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका कादंबरीच्या दोन पानांचे फोटो आलेत. ती अकरावीतून काढावी म्हणून सह्या घेताहेत. करू का सही? (न्यू जर्सी)

कादंबरी वाचलीत का? नसेल तर करू नका.

फोटो खरे असतील. पण तो अत्याचार कथेत का आला, सोसणारी व्यक्ती पुढे काय करते, हे दोन पानांत कसं कळणार? बहुतेक स्कूल डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळांच्या विभागाच्या) आक्षेपाच्या अर्जातही पूर्ण पुस्तक वाचलंत का, हे विचारलेलं असतं. तिथे खोटं 'हो' लिहिणारे पालक मी पाहिलेत, आणि मला त्याचा संताप येतो. आपल्या मुलीसाठी पर्याय मागणं हा तुमचा प्रश्न. वर्गातल्या बाकी सगळ्या मुलांच्या हातातून पुस्तक काढून घेताना त्यांच्या आईवडिलांना कोणी विचारलं?

शिवाय सही नेमकी कशासाठी, तेही बघा. जानेवारी 2022 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या मकिल्टिओच्या स्कूल बोर्डाने (शाळांचा कारभार बघणाऱ्या समितीने) 'टू किल अ मॉकिंगबर्ड' नववीच्या सक्तीच्या यादीतून काढलं, पण शिकवायची मुभा शिक्षकांना ठेवली. त्याच महिन्यात टेनेसीतल्या मॅकमिन काउंटीच्या बोर्डाने ज्यूंच्या संहारावरचं 'माउस' हे चित्रकथेचं पुस्तक काही शिव्या आणि एका नग्न चित्रापायी आठवीच्या अभ्यासक्रमातून काढूनच टाकलं, 10 विरुद्ध 0 मतांनी. या दोन गोष्टींत फार अंतर आहे. केवळ विचार पटत नाहीत म्हणून बोर्डाने ग्रंथालयातली पुस्तकं काढू नयेत, असं 1982 च्या पिको खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या काही न्यायमूर्तींनी म्हटलं, पण ते ग्रंथालयापुरतं. वर्गात काय शिकवायचं याबाबत बोर्डाचा अधिकार बराच मोठा आहे. म्हणूनच वर्गातल्या पुस्तकाविरुद्धची घाईची सही महागात पडते. आधी पुस्तक वाचा, टीचरना भेटा, हे पुस्तक का निवडलं ते विचारा. तरीही आक्षेप राहिला, तर स्वतःच्या नावाने अर्ज करा.

एक क्लासवाले 'एपी लिटरेचरची अधिकृत, स्वच्छ यादी' विकताहेत. घ्यावी का?

नाही. एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स. ते चालवणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेने एपी लिटरेचरसाठी सक्तीची पुस्तकं ठरवलेलीच नाहीत. पालकांच्या भीतीवर चालणारा हा धंदा आहे. यादी वर्गाच्या टीचरकडे फुकट मिळते.

पर्यायी पुस्तक घेतलं तर ग्रेड किंवा कॉलेज प्रवेशावर परिणाम होतो का?

ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावर, कोर्सचं नाव आणि ग्रेड असते, पुस्तकांची नावं नसतात. पर्यायी पुस्तकावरचं काम तितक्याच गुणांचं असेल ना, हे मात्र टीचर आणि काउन्सेलरकडून सुरुवातीलाच लेखी घ्या.