पाळी संपून दोनच दिवस झाले असताना असुरक्षित संबंध आला, तर दिवस जाण्याची भीती असते का?

असते. ‘पाळीनंतरचा आठवडा मोकळा’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही, म्हणून उत्तर थोडं लांबेल.

माझ्या धाकट्या बहिणीचं नेमकं असंच झालं. पाळी पाच दिवसांची, संबंध सातव्या दिवशी, कंडोम नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. मी म्हटलं, आजच गोळी घे. तिची थोरली जाऊ शेजारीच होती. ‘काही होत नाही गं. मला दोन मुलं झाली, मला कळत नाही का? त्या गोळ्यांनी पिशवी खराब होते.’ मी पुन्हा पुन्हा सांगत होते, पण घरातल्या मोठ्या बाईपुढे तिला बोलवेना.

पाळी चुकली तेव्हा तिने मला बोलावून घेतलं. टेस्टची दुसरी रेघ इतकी फिकट, की ती पट्टी ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघत राहिली. फिकट असली तरी रेघ ती रेघच. त्यावर जाऊबाई म्हणाल्या, हिने तारीखच चुकीची सांगितली असणार. तारीख बरोबर होती. तिच्या डायरीत लिहिलेली मी स्वतः बघितली आहे.

बहिणीचं चक्र २३ दिवसांचं. स्त्रीबीज साधारण पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी सुटतं, म्हणजे तिचं नवव्या दिवसाच्या आसपास. बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, पण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. जाऊबाईंचं चक्र ३२ दिवसांचं, त्यांचं बीज अठराव्या दिवसाच्या सुमारास सुटणार. त्यांना सातवा दिवस मोकळा गेला यात नवल नाही. पण आपल्या अंगाचा हिशोब दुसरीच्या अंगावर लादायचा, तोही दटावून, हे मला आजही पटत नाही. मुलं झाली म्हणजे शरीरशास्त्र कळलं असं होत नाही.

तुम्ही चक्र किती दिवसांचं ते लिहिलेलं नाही. २६ किंवा त्याहून कमी असेल तर तुम्ही ऐन दिवसांत आहात. जास्त असेल तर धोका कमी, पण शून्य नाही. बीज दर महिन्याला ठरल्या दिवशीच सुटतं असं नाही. मोबाइलमधलं अ‍ॅपसुद्धा मागच्या तारखांवरून अंदाजच बांधतं.

मूल नको असेल तर वाट बघू नका. लिव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. ती बीज सुटणं लांबवते; सुटून गेलं असेल तर तिचा उपयोग नाही. गर्भ राहिला असेल तर ती तो पाडत नाही, आणि पिशवीही खराब करत नाही. पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवून घेतली तर ती गोळीपेक्षा जास्त खात्रीची.

गोळीनंतर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. फिटच्या किंवा टीबीच्या काही औषधांनी तिचा असर कमी होतो, ती चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. नंतर थोडं रक्त गेलं म्हणजे पाळी आली असं धरू नका. संबंधानंतर २१ दिवसांनी टेस्ट कराच. आणि गोळीने लैंगिक आजार टळत नाहीत, त्याची तपासणी वेगळी.