‘रूपांतर’ म्हणजे नेमकं काय? ‘परिवर्तन’च्या जागी ते चालतं का?

बहुतेक वेळा नाही चालत. रूपांतराला दोन टोकं लागतात, आधी काय होतं आणि त्याचं काय झालं. म्हणून वाक्यही ठरल्यासारखं येतं, अमक्याचं तमक्यात रूपांतर झालं. पाण्याचं वाफेत, सुरवंटाचं फुलपाखरात, कमी दाबाच्या पट्ट्याचं चक्रीवादळात. दुसरं टोक सांगता येत नसेल तर साधा ‘बदल’ बरा. ‘त्याच्या स्वभावाचं रूपांतर झालं’ असं कोणी म्हणत नाही. मन, विचार, समाज यांचं होतं ते परिवर्तन.

यातल्या ‘अंतर’चा लांबीशी संबंध नाही. संस्कृतात समासाच्या शेवटी येणारा हा शब्द ‘दुसरा’ असा अर्थ देतो. रूपांतर म्हणजे दुसरं रूप. वेषांतर, नामांतर, भाषांतर ही सगळी त्याचीच भावंडं.

रूप दुसरं, पण मूळ माल बराचसा तोच, हे भूगोलातल्या रूपांतरित खडकांत छान दिसतं. चुनखडक जमिनीखाली प्रचंड ताप आणि दाब सोसतो तेव्हा त्याचा संगमरवर होतो. दोन्हींत मुख्य द्रव्य कॅल्शियम कार्बोनेटच. फक्त स्फटिक नव्याने घडतात आणि एकमेकांत घट्ट गुंततात. चुनखडकात शिंपल्यांचे अवशेष असलेच तर ते या घडामोडीत बहुधा पुसले जातात.

नाटकांच्या जाहिरातीतही हा शब्द भेटतो आणि तिथे तो भाषांतराहून वेगळा असतो. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या इंग्रजी नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ केलं, तेव्हा लंडनची फुलवाली एलायझा मराठी मंजुळा झाली. नाटकाचा सगळा डोलारा उच्चारांवर उभा. नुसतं भाषांतर करून तिचे इंग्रजी उच्चार मराठीत आणणार कसे?

बातम्यांत ‘बाचाबाचीचे रूपांतर हाणामारीत’ हे तर रोजचंच. चुकीचं नाही, पण शेवट काय झाला हे सांगायचं असेल तर मला ‘पर्यवसान’ जास्त नेमकं वाटतं. ‘रूपांतरण’ मात्र मी टाळतो. ‘रूपांतर करणे’ असताना ते शेपूट कशाला?

आणि लिहिताना ‘रू’ दीर्घ. ‘रुपया’च्या सवयीने पुष्कळांचा हात ऱ्हस्वाकडे वळतो.