हिमनदी मागे सरते म्हणजे नेमकं काय?

चारधामहून लोक परतले की सातारा-सांगलीतून तेच तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकत्र देते आहे.

हिमालयातल्या हिमनद्या वितळल्या तर कृष्णा आटेल का? आमच्या विहिरीचं पाणी आत्ताच खाली गेलंय. (वाई)

नाही. कृष्णा सह्याद्रीच्या पावसावर वाहते. विहिरीचं मात्र भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या कार्यालयात विचारा.

मग २०१९ चा महापूर तरी बर्फाचा होता ना? (सांगली)

तोही पावसाचाच. ऐकीव गोष्टी पुढे पाठवू नका.

२००८ च्या मे महिन्यातल्या माझ्या फोटोत गोमुखापाशी सगळं पांढरं आहे. गेल्या ऑक्टोबरात गेलो तर नुसते दगडधोंडे. गंगोत्री हिमनदी संपली का? २०३५ पर्यंत हिमालयात बर्फच उरणार नाही म्हणतात. (मिरज)

संपलेली नाही, ती जवळपास ३० किलोमीटर लांब आहे. गोमुख हे तिचं खालचं टोक. मे महिन्यात दिसलं ते बरंचसं हिवाळ्यात पडलेलं हिम. ते उन्हाळ्यात जातंच. ऑक्टोबरात दिसलेल्या दगडांखाली हिमनदीचा जुना, घट्ट बर्फ असतो. मे आणि ऑक्टोबरचे फोटो शेजारी ठेवून काहीही सिद्ध होत नाही.

२०३५ हे साल आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या २००७ च्या अहवालातली चूक होती. २०१० मध्ये त्यांनीच ती मान्य केली, तरी मेसेज फिरतोच आहे! अशा अफवांमुळे खरी गोष्टही लोकांना खोटी वाटू लागते. गोमुख १९३५ पासून एक किलोमीटरहून जास्त मागे, म्हणजे वितळत वरच्या बाजूला, गेलंय, हे मोजलेलं आहे.

पण नुसतं टोक बघून भागत नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. दगडमातीचा जाड थर खालच्या बर्फाला ऊन लागू देत नाही. पातळ थर मात्र तापतो आणि बर्फ लवकर वितळवतो. त्यामुळे टोक जागेवर दिसत असतानाही हिमनदी वरून पातळ होत गेलेली असू शकते. हिमाचल प्रदेशात लाहौलच्या छोटा शिगरी हिमनदीवर २००२ पासून बर्फात काठ्या रोवून मोजणी चालते. उन्हाळा संपताना काठी किती उघडी पडली ते बघायचं, हिमनदीच्या वरच्या भागात खड्डा खणून हिवाळ्यात किती हिम साचलं ते तपासायचं, मग बर्फाचा जमाखर्च मांडायचा. तुम्हाला तुलना करायचीच असेल तर जागा तीच, महिना तोच ठेवा आणि निष्कर्ष काढण्याआधी हिमालयाच्या भूविज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या देहरादूनच्या वाडिया संस्थेतल्या अभ्यासकांना विचारा.

‘गोमुख पाहण्याची शेवटची संधी’ अशी सहल आहे. वडील ६८ वर्षांचे, बीपीची गोळी चालू. नेऊ का? (कराड)

‘शेवटची संधी’ ही तिकिटं खपवायची युक्ती आहे, घाई करू नका. गोमुख सुमारे ४,००० मीटर उंचीवर आहे. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आयोजकाला नव्हे. वन विभागाचा परवाना लागतो, तो पैसे भरण्याआधी बघायला मागा. आणि तिथे गेलात तर फोटोसाठी बर्फाच्या भिंतीखाली उभे राहू नका, वरून मोठमोठे तुकडे सुटतात.