टेनिसच्या लाकडी रॅकेट्स का बंद पडल्या, आताच्या रॅकेटमध्ये एवढं काय असतं आणि महागडी घ्यावी का?

तुम्ही तिन्ही प्रश्न एकत्र विचारलेत आणि नव्याने खेळायला लागलोय असंही लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी बरीच वर्षं खेळतोय आणि घरी मशीन घेऊन स्वतःच गटिंग (म्हणजे तारा ओढून बसवणं) करतो, मित्रांच्या रॅकेट्सचं पण.

लाकडाचा खरा प्रॉब्लेम आकाराचा होता. गटिंगचा ओढा एवढा असतो की लाकडाचं डोकं, म्हणजे तारांचा गोल भाग, ६५ चौरस इंचांपेक्षा फार मोठं केलं तर टिकत नाही, तेवढ्याशा रॅकेट्ससुद्धा चार स्क्रूच्या प्रेसमध्ये आवळून ठेवायला लागायच्या नाहीतर वाकड्या व्हायच्या. मग हॉवर्ड हेड नावाचा अमेरिकन इंजिनियर आला, आधी विमानं बनवणाऱ्या कंपनीत होता, नंतर मेटलच्या स्की बनवल्या, उतारवयात टेनिस शिकायला लागला आणि बॉल मधोमध लागला नाही की रॅकेट हातात फिरते याने वैतागला. त्याच्या लक्षात आलं की डोकं रुंद केलं की पिळ बसायला होणारा विरोध रुंदीच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे थोडीशी रुंदी आणि भरपूर फायदा. १९७६ ला त्याने डिझाइन केलेली प्रिन्स कंपनीची ११० चौरस इंची अ‍ॅल्युमिनियम रॅकेट आली, आणि १९७८ ला १६ वर्षांची पॅम श्रायव्हर मोठ्या डोक्याची प्रिन्स घेऊन यूएस ओपनच्या फायनलला पोचली! मला हा माणूस फार आवडतो, कारण त्याने आपल्यासारख्या साध्या खेळाडूची अडचण सोडवली.

पण अ‍ॅल्युमिनियम जोरात मारणाऱ्यांना मऊ पडतं. फ्रेम वाकते, बॉल तारांवर फक्त ४-५ मिलिसेकंद असतो, फ्रेम सरळ होईपर्यंत तो निघून गेलेला असतो, म्हणजे वाकण्यात गेलेली ताकद वायाच. कार्बन फायबर हलकं आणि ताठ, त्यामुळे ती कमी वाया जाते. रेझिन (चिकट राळ) लावलेले कार्बनचे पट्टे गुंडाळून पोकळ नळी करतात, साच्यात घालतात, आतून हवा भरतात आणि भट्टीत भाजतात. १९८३ ला यानिक नोआने लाकडी रॅकेटवर फ्रेंच ओपन जिंकली, पुरुषांमध्ये लाकडावरची ती शेवटची ग्रँड स्लॅम.

पुढचा मोठा बदल मात्र तारांनी केला, फ्रेमने नाही. १९९७ ला ब्राझीलचा कुएर्तेन ६६ व्या रँकवरून येऊन पॉलिएस्टरच्या तारांवर फ्रेंच ओपन जिंकला. पॉली गुळगुळीत असते, बॉल लागला की उभ्या तारा बाजूला सरकतात आणि सटकन जागेवर येतात, येताना बॉलला टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेने गिरकी, देतात. गंमत बघा, १९७७ मध्ये रोमानियाच्या नास्तासेने अर्जेंटिनाच्या व्हिलासविरुद्ध जी 'स्पॅगेटी' रॅकेट वापरली त्यातही सरकणाऱ्या ताराच होत्या, आणि तिच्यावर बंदी आली होती.

आता तुमचं. फ्रेमवर कुठल्याही भारी मटेरियलचं नाव छापलेलं असो, आत बहुतेक कार्बनच असतं. एकदम स्वस्त रॅकेट अ‍ॅल्युमिनियमची असते, ती टाळा, पण त्याच्या वरच्या किमतीत मागच्या वर्षीचं मॉडेल किंवा चांगली सेकंडहँड भरपूर झाली, १०० चौरस इंच, २८०-२९० ग्रॅम. आणि पॉली अजिबात घालू नका प्लीज. मला एका दुकानदाराने प्रो लोक वापरतात म्हणून पूर्ण पॉली ५८ पौंडाच्या ताणाला ओढून दिली होती आणि चार महिने कोपर धरून बसलो, सचिनमुळे आपल्याकडे घरोघरी माहीत झालेला टेनिस एल्बो तोच. मल्टिफिलामेंट (बारीक धाग्यांची मऊ तार) घ्या, ५० पौंडाच्या आसपास, आणि फॅक्टरीचं गटिंग असेल तर कापून नवीन करून घ्या. आठवड्यातून जितके दिवस खेळता तितक्या वेळा वर्षाला गटिंग बदलायचं, वाचवलेले पैसे तिथे घाला.