पोरं तयार आहेत, पण जागा कुठंय?

प्रश्न: आमच्या फुटबॉल क्लबची अंडर-१८ची पोरं सगळ्यांना धुतायत, तरी मॅनेजर त्यांना शेवटची ५ मिनिटं देतो, तीही ३-० ने पुढे असलो तरच. घाबरतो का हा माणूस?

उत्तर: घाबरत असेलही. त्याची नोकरी पुढच्या ३ मॅचवर टांगलेली असते आणि पोरगं तयार व्हायला २ वर्षं लागतात, तोवर त्या खुर्चीत दुसराच कोणीतरी असतो. पण मला विचाराल तर खरी भानगड जागेची आहे, क्लब एकेका पोझिशनला दोन-दोन सीनियर घेऊन ठेवतो आणि मग म्हणतो अकादमीतून, म्हणजे क्लबनं स्वतः घडवलेल्या पोरांतून, कोणी वर येत नाही. अहो येणार कुठून, बेंचसुद्धा फुल आहे!

१९९५ चं मँचेस्टर युनायटेड घ्या. मॅनेजर फर्ग्युसननी इन्स, ह्यूज, कांचेल्स्किस असे तिघं सीनियर एकाच उन्हाळ्यात सोडले आणि त्यांच्या जागी बाहेरून कोणी आणलंच नाही. पहिल्याच मॅचला अ‍ॅस्टन व्हिलाकडून ३-१ ने मार खाल्ला, टीव्हीवर फुटबॉल तज्ज्ञ अ‍ॅलन हॅन्सन म्हणाला पोरं घेऊन काही जिंकता येत नाही, आणि सीझन संपला तेव्हा लीगही युनायटेडकडे आणि एफए कपही. हा किस्सा सगळेच सांगतात, पण बेकहॅम, स्कोल्स, बट आणि नेव्हिल बंधू या पोरांच्या आजूबाजूला श्मायकेल, ब्रूस, पॅलिस्टर, कीन असे अनुभवी गडी होते, ऑक्टोबरात खेळण्यावरचा बॅन संपवून स्टार कँटोनाही परत आला, हे कोणी सांगत नाही. अकराच्या अकरा पोरं उतरवली असती तर हॅन्सनच बरोबर ठरला असता असं आपलं माझं मत.

आर्सेनलच्या साकाचंही तसंच. गडी विंगर, म्हणजे कडेनं हल्ला करणारा, पण २०१९-२० मध्ये टियर्नी आणि कोलाशिनाच हे दोघंही लेफ्ट बॅक दुखापतीत गेले म्हणून त्यांच्या जागी मागे डाव्या बाजूच्या बचावाला खेळला, आणि खेळतच राहिला. चेल्सीला त्याच सीझनच्या सुरुवातीला ट्रान्सफर बॅन होता, खरेदीच बंद, त्यामुळे माउंट, अब्राहम, टोमोरी, रीस जेम्स या अकादमीच्या पोरांना मैदान मिळालं. २०२० च्या उन्हाळ्यात वेर्नर, हावर्ट्झ, झियेश बाहेरून विकत आणले आणि वर्षभरात अब्राहम रोमाला, टोमोरी मिलानला. वर अकादमीचा प्लेयर विकला की हिशोबात जवळपास सगळा नफाच दिसतो, कारण त्याला विकत घेतलेलंच नसतं. मला हे जरा लागतंच.

प्रश्न: मग लोनवर, म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबकडे खेळायला, पाठवलेलं बरं की सीनियर टीमसोबत ठेवलेलं?

उत्तर: दोन्ही चालतं राव. मँचेस्टर सिटीच्या फोडेनला मॅनेजर गार्डिओलानं कुठंच पाठवलं नाही, २०१७ ला डेब्यू, मग सीनियर डेव्हिड सिल्व्हाच्या मागे थांबायचं आणि रोज त्याच्यासोबत ट्रेनिंग, सिल्व्हा २०२० ला गेल्यावर पोरगं तयारच. हॅरी केनला टॉटनहॅमनं ४ ठिकाणी फिरवलं, लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच, लेस्टर, त्यात लेस्टरला तर बऱ्याच वेळा बेंचवरच, आणि २०१४-१५ ला लीगमध्ये २१ गोल. फक्त जिथं पाठवताय तिथला मॅनेजर त्याला खेळवणार आहे का आणि कुठल्या पोझिशनला, हे आधी ठरवून घ्यायला हवं, नाहीतर बेंच काय घरी पण होताच की. माउंटला यात नशिबाचीही साथ मिळाली, डर्बीला लोनवर होता तेव्हा मॅनेजर लॅम्पार्ड, आणि तोच पुढच्या सीझनला चेल्सीचा मॅनेजर झाला.