‘चीनने हल्ला केला’ की ‘चीन सरकारने’?

प्रश्न असा आला आहे: ‘अमेरिकेने आयातशुल्क वाढवले’, ‘रशियाने हल्ला केला’ असं आपण सर्रास लिहितो. निर्णय सरकारचा असताना कर्ता म्हणून देशाचं नाव घालणं मराठीत चालतं का?

चालतं. ‘सारा गाव लोटला’, ‘भारताने सामना जिंकला’ हीही लक्षणाच आहे, म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाऐवजी त्याच्याशी जोडलेला अर्थ घेणं. व्याकरणाची काहीच हरकत नाही. माझी हरकत अर्थाबद्दल आहे. कर्त्याच्या जागी देश बसला की त्यातला प्रत्येक माणूस त्या कृत्यात ओढला जातो.

सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचं जाहीर केलं, तेही इथल्या नेत्यांना न विचारता. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी त्यावर राजीनामे दिले. ‘हिंदुस्थान युद्धात उतरला’ हे वाक्य कायद्याने खरं, पण त्यातला हिंदुस्थान कोण? त्याच सुमारास सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते. १९३८ साली गेलेलं ते पाच डॉक्टरांचं पथक काँग्रेसने पाठवलेलं होतं, हिंदुस्थान सरकारने नव्हे. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले. शिजियाझ्वांगला हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. तिथल्या लोकांनी हिंदुस्थान ओळखला तो या माणसावरून. दिल्लीत राज्य कोणाचं आहे, याने त्यात फरक पडला नाही.

पुढे वीस वर्षांनी आपल्याला मात्र हा भेद राखता आला नाही. १९६२ मध्ये ‘चीनने आक्रमण केलं’ याचं बोलण्यात ‘चिन्यांनी आक्रमण केलं’ झालं. आसामात, बंगालात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली चिनी वंशाची कुटुंबं होती. माकुमसारख्या गावात तर कित्येक घरांत आई किंवा आजी आसामीच. अशा सुमारे ३ हजार माणसांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं, काहींना वर्षानुवर्षं. चीन सरकारच्या निर्णयाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. हे केवळ एका शब्दामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण राज्यकर्ते, सैनिक आणि शेजारचा सुतार या तिघांनाही ‘चिनी’ हा एकच शब्द पुरत असेल, तर संशयाला वाट मोकळी होते.

म्हणून मी असं सुचवेन. मथळ्यात जागा नसते, तिथे ‘चीनने’ चालेल. मजकुरात मात्र निदान पहिल्यांदा तरी ‘चीन सरकारने’ लिहावं, आणि सरकारी निर्णयाला ‘चिन्यांनी’, ‘रशियनांनी’ असा अनेकवचनी कर्ता कधीही देऊ नये. ‘बीजिंगने सुनावले’ ही राजधानीची पळवाटही मला पटत नाही. बीजिंगमध्येही माणसंच राहतात.

समोर परदेशी माणूस असेल तर आणखी जपावं. आपला ‘तुम्ही’ आदरार्थी एकवचनही आहे आणि अनेकवचनही. मराठी शिकलेल्या एखाद्या रशियन विद्यार्थिनीला ‘तुम्ही युक्रेनवर हल्ला का केलात?’ असं विचारलं, तर आरोप तिच्यावरच येतो. ‘तुमच्या सरकारने’ म्हटलं की तिला स्वतःचं मत मांडायला जागा राहते. ते मत सरकारच्या बाजूचं असेल, विरुद्ध असेल. पण तिचं असेल.

जाता जाता ‘देशद्रोह’ या शब्दाबद्दल. भारतीय दंडविधानातलं १२४-अ हे कलम कायद्याने प्रस्थापित सरकारविषयी अप्रीती पसरवण्याबद्दल होतं, देशाविषयी नव्हे. त्याच कलमाखाली १८९७ आणि १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाली. त्या खटल्यांना मराठीत ‘राजद्रोहाचे खटले’ म्हणतात. लोकमान्यांच्या नावापुढे ‘देशद्रोह’ लिहायला आजही कोणाचा हात धजावणार नाही. मग त्याच कलमाखालच्या अलीकडच्या खटल्यांबद्दल लिहितानाही ‘राजद्रोह’ हाच शब्द वापरावा.